आजीची पोरं आणि तुझी जाळी

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारा मुलगा 23 वर्षांचा. गाव खानापूर तालुक्यात, नोकरी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात, लेथवर. वर्षअखेरीला मित्रांबरोबर चोर्ला घाटातून गोव्याला गेला. तिथं कुणीतरी एलएसडी (भास घडवणारं नशेचं द्रव्य) म्हणून दिलेला कागदाचा बारका तुकडा त्यानं जिभेवर ठेवला. रात्रभर भिंत श्वास घेतल्यासारखी फुगत-बसत राहिली. डोळे मिटले की मधाच्या पोळ्यासारखी जाळी, बोगदे, भोवरे दिसायचे. दुसऱ्या दिवशी सगळं उतरलं. त्याला आता चार महिने झाले, तरी रात्री गाड्यांच्या दिव्यांमागे रेघ ओढल्यासारखी दिसते आणि पांढऱ्या भिंतीवर जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या येतात. चष्म्याचा नंबर निघाला नाही. एक मित्र म्हणतो, "तुझा आतला डोळा उघडलाय, अजून एकदा घे म्हणजे नीट बसेल. परदेशात डॉक्टरच देतात की!" घरी 82 वर्षांची आजी आहे, काचबिंदूनं तिची नजर बरीच गेलेली. तिलाही हल्ली अंगणात फेटे बांधलेली बारकी पोरं दिसतात आणि भिंतीवर जाळी दिसते. आई म्हणते, पितर येतात. त्याचं कळलं तर आई दोघांनाही देवरुष्याकडे नेईल, अशी त्याला भीती आहे. त्यातच निपाणीचं स्थळ सांगून आलंय. तो विचारतो: "आजीला दिसतं ते दैवी आणि मला दिसतं ते वेड, असं आहे काय? मी करू काय?"

पत्रात तू मला 'बाई' म्हटलंस, म्हणून मीही 'तू'च म्हणते. मी डॉक्टर नाही, हे आधी सांगून ठेवते. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं आणि आता लोकांची पत्रं वाचते, एवढीच माझी पात्रता. तेव्हा पुढे जिथं 'डॉक्टरकडे जा' असं लिहिलंय तिथं खरंच जायचं. माझ्या उत्तरावर भागवायचं नाही.

तुझ्या चार पानी पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू जाता जाता लिहिलंयस: आजीनं सांगितलेली भिंतीवरची जाळी आणि तुला त्या रात्री दिसलेली जाळी 'एकच वाटली'. तुझ्या आईच्या हे लक्षात आलं नाही, आणि त्या मित्राच्या तर येणारच नाही. विचार कर. आजीनं चहापलीकडे कसली नशा केलेली नाही, आणि तू जिभेवर कागद ठेवलास. तिची नजर अधू, तुझी धडधाकट. तरी दोघांना जाळी एकच. मग ती जाळी कागदात होती असं कसं म्हणणार? आणि पितरांनी आणली म्हणावं, तर तुझ्याकडे ती गोव्यात कशी पोचली?

हा प्रश्न फार जुना आहे. पेयोटे नावाच्या निवडुंगातलं मेस्कलिन हे द्रव्य 1897 साली वेगळं काढलं गेलं. पुढे हाइनरिख क्लूव्हर या मानसशास्त्रज्ञानं ते घेतल्यावर काय दिसतं याचा अभ्यास केला आणि 1926 पासून त्यावर लिहिलं. वेगवेगळ्या माणसांची वर्णनं लावून बघता त्यात चारच घराणी सापडतात, असं त्याच्या लक्षात आलं: जाळी किंवा मधाचं पोळं, कोळ्याचं जाळं, बोगदा किंवा नरसाळं, आणि भोवरा. तुझ्या पत्रात यातली तीन आहेत. गंमत म्हणजे असल्याच आकृत्या अर्धशिशीत, झोप लागता लागता किंवा मिटलेले डोळे बोटांनी दाबले तरी दिसतात. (दाबून बघू नकोस. लहानपणी सगळ्यांनी बघितलेलं असतं.)

याचं उत्तर तुला तुझ्याच कामातून कळेल. टूल होल्डरच्या बाहेर फार काढलं किंवा जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकच्या पकडीत ढिला बसला, की चॅटरिंग, म्हणजे थरथर, सुरू होतं. जॉबवर एकसारख्या अंतरानं लाटा उमटतात. त्या लाटा लोखंडात आधीपासून होत्या काय? नव्हत्या. आणि त्या बघून तुमचा सुपरवायझर लोखंडाला दोष देत नाही, मशीन कुठं ढिलं आहे ते बघतो. लाटांमधलं अंतर मशीनच्या बांधणीवरून ठरतं. ती खूण मशीनची असते, फक्त उमटते जॉबवर.

तुझी जाळी ही तसलीच खूण आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला, मेंदूत, व्हिज्युअल कॉर्टेक्स नावाचा भाग असतो. डोळ्याच्या पडद्यावर पडलेल्या चित्राचा नकाशा तिथं मांडला जातो, पण तो वाकडा असतो. नजरेच्या मध्यभागाला तिथं भरपूर जागा मिळते, कडेला थोडी. शेजारच्या पेशी एकमेकींना चेतवतात, जरा लांबच्या पेशी एकमेकींना दाबतात, आणि या ओढाताणीत एरवी सगळं स्थिर असतं. हा तोल ढिला पडला की चॅटरसारख्या लाटा आपोआप उठतात. एर्मेंट्राउट आणि कोवान या दोघा गणितज्ञांनी 1979 साली गणितानं दाखवलं की कॉर्टेक्सवर सरळ समांतर पट्टे उठले, तर त्या वाकड्या नकाशामुळे माणसाला ते बोगदे, चक्रं आणि भोवरे म्हणून दिसतील. पोळं आणि कोळ्याचं जाळं कसं दिसतं त्याचं गणित कोवान आणि इतरांनी 2001 मध्ये मांडलं. म्हणजे त्या रात्री तुला ना परलोक दिसला, ना मनाचा तळ. तुला तुझ्याच मशीनची बांधणी दिसली. मला विचारशील तर हे परलोकापेक्षा जास्त नवलाचं आहे, पण ते जाऊ दे.

आता ढिलेपणा कशानं येतो? सेरोटोनिन हे मेंदूतलं एक निरोप्या द्रव्य आहे. ते ज्या कुलपांत बसतं त्यातलं एक 5-एचटी-2ए नावाचं, आणि अशी कुलपं कॉर्टेक्समध्ये भरपूर आहेत. एलएसडी, मेस्कलिन, काही अळंब्यांतलं सायलोसायबिन, या सगळ्यांच्या किल्ल्या याच कुलपात फिरतात. हे कुलूप आधीच अडवून ठेवलं, तर सायलोसायबिनचा भ्रम होत नाही, हे 1998 मध्ये दाखवलं गेलं. एलएसडीची तर आणखी एक खोड आहे. ती आत शिरली की कुलपाचा एक भाग तिच्यावर झाकणासारखा बसतो आणि तिला सोडत नाही. ती नशा आठ-दहा तास, कधी त्याहून जास्त रेंगाळते, त्यामागे हेही एक कारण आहे.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटानं 2016 साली 20 जणांना एलएसडी टोचून, डोळे मिटायला सांगून, त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. व्हिज्युअल कॉर्टेक्सचा रक्तपुरवठा वाढला होता, आणि तो भाग एरवी ज्यांच्याशी फारसं बोलत नाही अशा भागांशीही बोलत होता. आपण डोळे मिटून निवांत बसलो की मेंदूत सेकंदाला 8 ते 12 ठेके पडतात, त्यांना अल्फा लहरी म्हणतात. त्यांचा जोरही कमी झाला होता. हे बदल ज्यांच्यात जास्त, त्यांना आकृत्याही जास्त दिसल्या.

भिंत का हलली, ते कळायला एक खेळ कर. दोन्ही हात समोर ताणून अंगठे शेजारी-शेजारी उभे धर. डावा डोळा मीट. नजर डाव्या अंगठ्यावरून अजिबात हलवू नकोस आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे ने. साधारण वीतभर अंतरावर त्याचं टोक गायब होईल. तिथं तुझा अंधबिंदू आहे, तो सगळ्यांना असतो. पण तिथं तुला काळं भोक दिसतं का? नाही. मागची भिंतच दिसते, कारण मेंदू तिथं भिंत भरून टाकतो. आपण जे बघतो त्यातला बराच भाग असा अंदाजानं भरलेला असतो. 'भिंत स्थिर असते' हाही अनेक वर्षांच्या सवयीचा अंदाजच. डोळा स्वतः सतत बारीक थरथरत असतो, ती थरथर मेंदू या अंदाजाच्या जोरावर गिळून टाकतो. एलएसडीनं अंदाजांची पकड सैल होते, असं या विषयातले बरेच संशोधक आज मानतात. पकड सैल झाली की भिंत हलणारच.

तेव्हा मित्राच्या 'आतला डोळा उघडला'चं काय करायचं? उंदरांना अशाच जातीचं द्रव्य देऊन 2019 मध्ये एक प्रयोग झाला. त्यांच्या व्हिज्युअल कॉर्टेक्समधल्या पेशी समोरच्या चित्राला जास्त नव्हे, कमी प्रतिसाद देऊ लागल्या. म्हणजे बाहेरचा आवाज लहान होतो आणि आतला मोठा. एलएसडी तयार करणारा स्वित्झर्लंडचा रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन, त्यानं 19 एप्रिल 1943 रोजी ती मुद्दाम घेऊन बघितली आणि सायकलवरून घरी आला. उतारा म्हणून शेजारणीकडे दूध मागितलं, तर दूध घेऊन आलेली ती भली बाई त्याला रंगीत मुखवट्यातली दुष्ट चेटकीण दिसली. उघडलेल्या डोळ्याला खरं दिसत असेल, तर ती बिचारी चेटकीण ठरते. मित्राला हे सांग. दूध देणारी शेजारीण त्यालाही असेलच.

आता चार महिन्यांनंतरच्या रेघा आणि मुंग्या. नशा उतरून द्रव्य शरीरातून कधीच गेलं, तरी काही थोड्या लोकांची नजर अशी राहते. डॉक्टरांच्या पुस्तकात 1987 पासून तिची नोंद आहे. हल्लीचं नाव एचपीपीडी, म्हणजे भास घडवणाऱ्या द्रव्यानंतर टिकून राहिलेला नजरेचा बिघाड. हलत्या वस्तूमागे रेघ, दिव्याभोवती वलय, नजर हटवली तरी मागे राहिलेली आकृती, भिंतीवर मुंग्या: तू लिहिलंयस तेच. एकदाच घेणाऱ्यालाही होऊ शकतं. तुला 'हे खरं नाही' हे पक्कं कळतंय, ही मोठी खूण आहे, म्हणून वेड हा शब्द तू सोडून दे. मात्र हेच निदान आहे असं मी इथून ठरवू शकत नाही. भिंतीवरच्या मुंग्या कधीही नशा न केलेल्या माणसांनाही दिसतात, अर्धशिशी असणाऱ्यांना जास्त. म्हणून आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडून बाहुली मोठी करून पडदा तपासून घे, नुसता चष्म्याचा नंबर नव्हे. मग मेंदूविकार किंवा मनोविकार तज्ज्ञाकडे जा. बेळगावच्या सरकारी रुग्णालयापासून सुरुवात कर. पुढे लागलंच तर धारवाडची डिमहान्स, म्हणजे मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची सरकारी संस्था, फार लांब नाही. जाण्याआधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा, 14416. व्यसनाबद्दलच बोलायचं असेल तर 14446.

पत्र वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगते: एका डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखं झालं, अचानक वीज चमकून काळे ठिपके वाढले, झटका आला, कधी नव्हे असं डोकं दुखलं किंवा कानात कुणी बोलायला लागलं, तर सदराला पत्र लिहीत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टरला कागदाची गोष्ट सांगायचीच. ती लपवलीस तर ते भलतंच शोधत बसतील. एलएसडी आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं बंद आहे, जवळ बाळगणं आणि घेणं दोन्ही गुन्हाच, हे खरं. पण मनोविकार तज्ज्ञाकडे उपचाराला आलेल्याची माहिती गुप्त ठेवायची, हेही 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय. तिथं घाबरू नकोस.

यावर हमखास लागू पडेल असं एक औषध नाही. बऱ्याच जणांचं महिन्या-महिन्यांनी फिकट होत जातं, काहींचं रेंगाळतं. तुझ्या हातात मात्र बरंच आहे. गांजा पूर्ण बंद. 'झोप येते म्हणून' ओढतोस असं तू शेवटच्या पानावर खालच्या कोपऱ्यात लिहिलंयस, ते मी वाचलं. गांज्यानं हा त्रास पुन्हा उसळल्याच्या तक्रारी डॉक्टरांकडे वारंवार येतात. झोप पुरी घे. रात्रपाळी बदलून मिळते का बघ. आणि रोज सकाळी पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून मुंग्या मोजणं थांबव. जिभेनं दुखरा दात चाचपत राहावं तसं आहे ते. जितकं बघशील तितकं दिसेल. लेथवर चक फिरताना रेघ आडवी येते असं एकदा जरी वाटलं असेल, तर डॉक्टर सांगेपर्यंत दुसरं काम मागून घे. कारण म्हणून 'डोळ्याचा इलाज चालू आहे' एवढं पुरतं. बोटं गेली तर ती कुठल्याच मार्गानं परत येत नाहीत. रात्री मोटारसायकल नको, चोर्ल्यात तर नकोच. समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याला शेपूट असताना वळणावर रस्ता कुठं संपतो ते तुला कळणार नाही.

पुन्हा एकदा घेऊन नीट बसवायचं? ढिल्या टूलवर फीड, म्हणजे टूल सरकवण्याचा वेग, वाढवून चॅटर जातं का? शिवाय तो कागद एलएसडीचाच होता, हे तुला कुणी सांगितलं? एनबीओएमई नावाची द्रव्यं एलएसडी म्हणून कागदावर लावून विकली जातात, आणि त्यांनी माणसं मेली आहेत. परदेशातल्या डॉक्टरांचं म्हणशील, तर ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2023 पासून ठरावीक मनोविकार तज्ज्ञांना, इतर उपचारांना न जुमानणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन देता येतं. आधी तपासणी होते, घरात कुणाला मोठा मानसिक आजार असेल तर सहसा नकारच मिळतो, आणि मोजलेली मात्रा देऊन शेजारी माणूस बसवून ठेवतात. गोव्याच्या शॅकमागे यातलं काय होतं?

आता आई. तिला कळू नये म्हणून तू चार महिने एकटा हे सोसतोयस. मला वाटतं, ती देवरुष्याकडे धावते ती तिला दुसरं काही कुणी सांगितलं नाही म्हणून. डॉक्टरकडे जाऊन आल्यावर तिला सांग: गोव्यात चूक केली, डोळ्यांवर परिणाम झाला, इलाज चालू आहे. ती रडेल, बोलेल, दोन दिवस जेवणार नाही. तरी कपाळाला अंगारा लावायचाच म्हणाली तर लावून घे, त्यावर भांडू नकोस. पण पोटात काही घ्यायचं नाही, डोळ्यात काही घालू द्यायचं नाही. आपल्याकडच्या झाडपाल्यात धोतऱ्याचं बी कधी येईल सांगता येत नाही. धोतऱ्यानं दिसतं ते तुझ्यासारखं नसतं. त्यात माणूस नसलेल्या माणसाशी गप्पा मारतो आणि ते खरं समजतो, ताप चढतो, काळीज धडधडतं, जीवही जातो. मारझोड, चटके असलं काही निघालं तर त्याविरुद्ध महाराष्ट्रात 2013 चा आणि आपल्या कर्नाटकात 2017 चा जादूटोणा-अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा आहे. सीमेच्या या बाजूला असा कायदाच नाही, असं समजणारे अजून भेटतात.

स्थळाचं मी थोडक्यात सांगते. निपाणीकरांना थोडं थांबवून ठेव. डॉक्टर काय म्हणतात ते कळलं की त्या मुलीला तूच सांग, पण तिला एकटीला. बैठकीत दहा नातेवाइकांसमोर नको. ऐकून ती नाही म्हणाली, तर तो तिचा हक्क आहे.

आणि आजी. खरं तर तुझ्यापेक्षा तिची मला जास्त काळजी वाटली, कारण तिचं कुणी ऐकूनच घेत नाहीये. जिनिव्हाच्या शार्ल बॉने या निसर्गअभ्यासकानं 1760 साली आपल्या आजोबांची गोष्ट लिहून ठेवली. म्हातारा शुद्धीत, बुद्धी शाबूत, फक्त मोतीबिंदूनं नजर गेलेली, आणि त्याला माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या. आज अशा दिसण्याला बॉनेचंच नाव आहे. डोळ्याकडून माल येणं कमी झालं की कॉर्टेक्स रिकामा बसत नाही, स्वतःच घडवायला लागतो. बारकी माणसं, डोक्याला काहीतरी बांधलेलं, नक्षी, जाळी, आणि सगळं मुकं. तुझी आजी म्हणाली ना, "पोरं खेळूलालीत, पण आवाज नाही बघ"? हेच ते. तुझं ढिलं झालं नशेच्या द्रव्यानं, तिचं ढिलं झालं उपासमारीनं. मशीन एकच.

म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना तिलाही घेऊन जा. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली वाचवता येते, तेव्हा तिचे थेंब कधीही बंद पडू देऊ नका. सोबत मोतीबिंदू असेल तर तो काढता येतो. तिची सगळी औषधं पिशवीत घालून न्या, कारण काही औषधांनीही भास होतात. पोरं बोलायला लागली, ती त्यांना जेवायला वाढू लागली, दिवस-रात्रीचा घोळ झाला, हात थरथरू लागले किंवा विसरभोळेपणा वाढला, तर ते वेगळं दुखणं असू शकतं, ते डॉक्टरला सांगायचं. नाहीतर घरात उजेड वाढवा, संध्याकाळी दिवा लवकर लावा. पोरं दिसली की तिला चार-पाच वेळा नजर डावीकडून उजवीकडे फिरवायला सांग, डोळे मिचकावायला सांग. बऱ्याच जणांची पोरं तेवढ्यानं पळतात.

आईनं पितर म्हटल्यापासून आजी घाबरून गप्प झाली आहे, असं तू लिहिलंयस. घरात तिची जाळी ओळखणारा तू एकटाच आहेस. येत्या रविवारी सुट्टीला गावी गेलास की तिच्याजवळ बस आणि तुलाही जाळी दिसली होती हे सांग. कागदाचं आत्ताच सांगितलं नाहीस तरी चालेल. मग विचार, पोरं किती असतात आणि फेटे कुठल्या रंगाचे. डॉक्टरही हेच विचारतील, तेव्हा लिहून ठेव. मलाही कळव.